क्लास : एका शब्दाचे अनेक वर्ग

इंग्रजीतून मराठीत आलेले काही शब्द इतके रुळले आहेत की ते परके आहेत याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. ‘क्लास’ हा त्यांपैकी एक. नंदुरबारच्या बाजारात, नवापूरच्या बसस्थानकावर किंवा धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर, शाळेची पायरी कधी न चढलेल्या आजीलाही हा शब्द ठाऊक असतो. नातू ‘क्लासला गेला’ म्हणजे शिकवणीला गेला, हे तिला बरोबर कळते. साहेबांनी कारकुनाचा ‘क्लास घेतला’ म्हणजे त्याची खरडपट्टी काढली. गाणे ‘एकदम क्लास’ झाले म्हणजे फार सुरेख झाले. मुलगी ‘क्लास वन’ अधिकारी व्हावी, हे घरोघरच्या आईबापांचे स्वप्न असते. दहावीला ‘फर्स्ट क्लास’ मिळाला तर पेढे वाटले जातात, ‘पास क्लास’ मिळाला तर घरात शांतता पसरते. ‘मिडल क्लास’ माणूस आपल्या काटकसरीचे समर्थन याच शब्दाने करतो आणि दुसऱ्याला हिणवायचे असेल तर ‘लो क्लास’ म्हणून मोकळा होतो. शेवटी वसतिगृहाच्या प्रवेश अर्जावर, शिष्यवृत्तीच्या कागदावर हाच शब्द ‘बॅकवर्ड क्लास’ होऊन उभा राहतो.

खोली, शिकवणी, दर्जा, हुद्दा, गुण, कौतुक, कानउघाडणी आणि समाजातील स्थान, एवढे सारे अर्थ एका शब्दात कसे मावले? आपल्या निवासी विद्यालयातील मुले आम्हाला हा प्रश्न निरनिराळ्या प्रकारे विचारत आली आहेत. त्यांतला एक प्रश्न नेहमीचा : “सर, मी वर्गात पहिला येतो, मग कागदावर मागासवर्गीय कसा?” या प्रश्नाचे उत्तर केवळ शब्दकोशात सापडत नाही, त्यासाठी इतिहासात उतरावे लागते. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर त्या शब्दाचा आणि त्याच्या नातेवाइकांचा हा प्रवास आम्ही मांडत आहोत.

रोममधील पहिली हाक

‘क्लास’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘क्लासिस’ या शब्दात आहे. लॅटिनमध्ये ‘हाक मारणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याच्याशी ‘क्लासिस’चे नाते असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. लढाईसाठी हाक देऊन बोलावलेले लोक म्हणजे क्लासिस. पुढे हाच शब्द आरमारालाही लावला गेला. रोमन परंपरा असे सांगते की, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सर्व्हियस टुलियस या राजाने नागरिकांची मोजदाद केली आणि मालमत्तेनुसार त्यांचे पाच वर्ग पाडले. ज्याच्याकडे जितकी मालमत्ता, तितकी भारी शस्त्रे त्याने स्वतःच्या खर्चाने आणायची आणि त्या प्रमाणात राज्यकारभारात त्याचे वजन राहायचे.

हे वजन कसे राहत असे, ते पाहण्यासारखे आहे. रोमन सभेत माणसागणिक मत नव्हते, गटागणिक मत होते. लिव्ही या रोमन इतिहासकाराने दिलेल्या माहितीनुसार, पुढे रूढ झालेल्या हिशेबाने, एकूण १९३ गटमते होती. त्यांपैकी घोडेस्वारांची १८ आणि पहिल्या वर्गाची ८० मिळून ९८ होत. म्हणजे श्रीमंतांचे एकमत झाले की निकाल लागला. खालच्या वर्गांना मत देण्याची पाळीही येत नसे. ज्यांच्याकडे काहीच नव्हते, अशा असंख्य लोकांच्या वाट्याला मिळून एक मत होते. या लोकांना ‘प्रोलेटारी’ म्हणत. ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. राज्याला देण्यासाठी ज्यांच्याजवळ पोटच्या पोरांखेरीज काही नाही, ते प्रोलेटारी. एकोणिसाव्या शतकात कार्ल मार्क्सने कामगारवर्गाला वापरलेला ‘प्रोलेटारियट’ हा शब्द याच मुळापासून आलेला आहे.

वर्गाचा जन्मच असा मालमत्तेच्या यादीतून झालेला आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टी उलगडतात. ब्रिटिश काळात आपल्याकडे मताधिकार शेतसारा, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता, म्हणजे पद्धत रोमच्याच धर्तीची होती. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना आणि पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी मताधिकाराचा प्रश्न इतक्या चिकाटीने का लावून धरला, ते यावरून कळते. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला, तेव्हा धडगावच्या डोंगरातील भूमिहीन बाई आणि मुंबईचा गिरणीमालक यांचे मत एका तोलाचे झाले. सर्व्हियस टुलियसच्या यादीला दिलेले ते सर्वांत स्पष्ट उत्तर होय.

शाळेतील वर्ग

रोममधून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत एकत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुकडीला लावला जाऊ लागला. अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसने प्राणी आणि वनस्पती यांची जी मांडणी केली, तिच्यातही ‘क्लास’ ही एक पायरी होती. म्हणून आपली मुले विज्ञानात ‘सस्तन वर्ग’, ‘पक्षी वर्ग’ शिकतात. ‘क्लासिफिकेशन’ म्हणजे वर्गीकरण. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती विषयवार लावलेल्या असतात म्हणून त्या ‘क्लासिफाइड’, आणि सरकारी कागद गोपनीयतेच्या विशिष्ट वर्गात घातला की तोही ‘क्लासिफाइड’.

मराठीत शाळेच्या ‘क्लास’साठी आपण तीन शब्द वापरतो आणि तिन्हींचा पिंड वेगळा आहे. ‘इयत्ता’ म्हणजे मूळ संस्कृतात ‘इतकेपणा’, म्हणजे मोजमाप. ‘तुकडी’ म्हणजे मोठ्यातून पाडलेला भाग. ‘वर्ग’ म्हणजे सारख्यांचा समूह. मोजणे, तोडणे आणि जुळवणे, ही तिन्ही कामे शाळेत चालतात. यांपैकी कोणते काम अधिक चालते, यावर शाळेची योग्यता ठरते.

बाबासाहेबांचे शालेय जीवन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांत बसण्याची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी एका कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटावर बसायचे. वर्ग झाडणारा शिपाई त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. हजेरीपटावर नाव आहे, फी भरली आहे, धडाही तोच आहे, तरी मुलगा वर्गाच्या आत असून वर्गाबाहेर आहे. एकाच खोलीत ‘क्लास’चे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकले होते. एक अर्थ त्याला शिकायला बोलावीत होता, दुसरा त्याला कोपरा दाखवीत होता.

आणखी एक आकडा पालकांनी जपून ठेवावा. १९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी काढली तर ती ३७.६ येते. त्या काळची परीक्षा फार कठीण असे, तिची आजच्या परीक्षेशी तुलना होऊ शकत नाही. पण आजच्या कोष्टकात, जेथे ६० टक्क्यांना प्रथम आणि ४५ टक्क्यांना द्वितीय श्रेणी मिळते, तेथे हा विद्यार्थी ‘पास क्लास’ ठरला असता. याच विद्यार्थ्याने पुढे कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. आणि लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. गुणपत्रिकेवरील क्लास त्या दिवसापुरती खबर देतो. दहावीच्या निकालानंतर मुलाशी बोलणे टाकणाऱ्या वडिलांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

समाजातील वर्ग आणि बंद दरवाजे

समाजातील थर या अर्थाने ‘क्लास’ हा शब्द इंग्रजीत स्थिरावला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडमध्ये कारखाने उभे राहू लागले तेव्हा. त्यापूर्वी ते लोक पद, प्रतिष्ठा, घराणे यांची भाषा बोलत. यंत्रयुगाने जन्मापेक्षा कमाईला महत्त्व आणले आणि वरचा वर्ग, मध्यमवर्ग, कामगारवर्ग असे शब्द प्रचारात आले. इंग्रजांबरोबर हा शब्द आपल्याकडे आला आणि सर्वसामान्य माणसाला तो प्रथम भेटला रेल्वेत. तिकिटावर पहिला, दुसरा, तिसरा क्लास छापलेला असे. आपल्या ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गावरही लाकडी बाकांचे थर्ड क्लासचे डबे होते. १९७० च्या दशकात थर्ड क्लास हे नाव गेले. त्या दशकाच्या अखेरीस रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर गाद्या बसवण्यास सुरुवात केली, आणि साध्या तिकिटाच्या माणसालाही पाठ असते, हे रेल्वेने मान्य केले.

रेल्वेच्या वर्गाचा एक गुण मात्र मानला पाहिजे. अधिक पैसे भरले की वरच्या डब्यात बसता येत होते. जातीत तसे नसते. हा फरक बाबासाहेबांनी फार लवकर हेरला. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या आपल्या निबंधात त्यांनी जातीची व्याख्याच अशी केली की, जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. वर्ग सर्वच समाजांत असतात आणि माणसे त्यांत येत-जात असतात. हिंदू समाजातील एका वर्गाने विवाहाचे दार आतून लावून घेतले. काहींनी त्याचे अनुकरण करून आपापली दारे लावली. उरलेल्यांना बाहेरून कडी घातली गेली. अशी त्यांची मांडणी होती. वर्ग आणि जात यांच्यामध्ये केवळ एका दरवाजाचे अंतर आहे, हे सूत्र त्या निबंधातून हाती लागते. पुढे १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था केवळ कामाची विभागणी करीत नाही, ती काम करणाऱ्यांचीच विभागणी करते.

वर्ग आणि जात ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर कशी पडतात, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या इंग्रजी नावात ‘डिप्रेस्ड क्लास’ हे शब्द होते आणि ‘वर्कमेन’ हाही शब्द होता. तेथे बाबासाहेबांनी सांगितले की, कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. अस्पृश्य कामगार रेल्वेत जन्मभर गँगमन राहतो, त्याला साधे पोर्टरचे कामही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही, हे त्यांनी तेथे उघड केले. सगळे कामगार एका वर्गाचे आहेत, असे नुसते म्हटल्याने ते एका वर्गाचे होत नाहीत. आधी मधली भिंत पाडावी लागते.

कागदावरचा वर्ग

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. ‘मागासवर्गीय’ हा शब्द आला कोठून?

विसाव्या शतकाच्या आरंभी अस्पृश्यांसाठी सरकारदरबारी आणि सुधारकांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव रूढ होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत काढलेल्या संस्थेचे नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ असे होते. स्वतः बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वसतिगृहांसाठी काढलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावातही हेच शब्द होते. त्याच वर्षी मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० मध्ये अहवाल देताना या समितीने ‘बॅकवर्ड क्लासेस’ हे मोठे छत्र कल्पिले आणि त्याखाली तीन विभाग केले : अस्पृश्य जाती, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग. आपला भाग तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात होता. आज एस.सी., एस.टी., ओ.बी.सी. अशी जी तीन अक्षरी नावे आपण घेतो, त्यांचा आराखडा त्या अहवालात दिसतो.

परंतु नावापुढे मान तुकवणे बाबासाहेबांच्या स्वभावात नव्हते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला दिलेल्या पुरवणी निवेदनात त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावालाच हरकत घेतली. हे नाव मानहानिकारक आहे, त्यातून हे लोक दीन आणि असहाय आहेत असा समज होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९३५ च्या कायद्यात त्या जागी ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे शब्द आले. ‘शेड्यूल’ म्हणजे जोडलेली यादी. हा शब्द कोरडा खरा, पण त्यात कोणाला दीन म्हटलेले नाही. बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांच्या नावांतही हीच वाटचाल दिसते : १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’, १९३० चा ‘जनता’ आणि १९५६ चा ‘प्रबुद्ध भारत’. मुके, बहिष्कृत, जन आणि अखेर प्रबुद्ध.

संविधानात ‘बॅकवर्ड क्लास’ हे शब्द आले ते हक्काच्या कलमांत. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘बॅकवर्ड’ या विशेषणावर बरीच चर्चा झाली. संधीची समानता हे तत्त्व टिकले पाहिजे आणि ज्यांना कारभारात आजवर शिरकाव मिळाला नाही त्यांनाही वाट मिळाली पाहिजे, या दोहोंचा मेळ घालण्यासाठी हा शब्द घातला आहे, असे बाबासाहेबांनी तेथे स्पष्ट केले. १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले आणि शिक्षणातील सवलतींना आधार मिळाला. अनुच्छेद ३४० मध्ये मागास वर्गांसाठी आयोगाची तरतूद होती. तो आयोग नेमला गेला नाही, हे १९५१ मधील मंत्रिपदाच्या राजीनाम्यामागील कारणांपैकी एक म्हणून त्यांनी सांगितले. पुढे १९५३ मध्ये कालेलकर आयोग आणि १९७९ मध्ये मंडल आयोग नेमला गेला. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जात हा देखील एक सामाजिक वर्ग असू शकतो, हे मान्य केले.

या वर्गाच्या आत-बाहेर करण्याचा अनुभव आपल्या समाजाने स्वतः घेतला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी लोकांनी धम्मदीक्षा घेतली. मनाने त्यांनी जात टाकली, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतूनही ते बाहेर पडले. गावाने मात्र त्यांना पूर्वीच्याच वस्तीत ठेवले होते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची कायदा दुरुस्ती यावी लागली. चौतीस वर्षे एक संपूर्ण पिढी समाजाच्या लेखी एका वर्गात आणि केंद्र सरकारच्या लेखी दुसऱ्याच वर्गात राहिली. आपल्या वाचकांपैकी ज्येष्ठांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आम्ही असे सांगतो : बाळा, ‘मागासवर्गीय’ हे तुझ्या बुद्धीचे वर्णन नाही. तुझ्या आजा-पणजाला जो रस्ता नाकारला गेला, त्याची ती सरकारी नोंद आहे. ती नोंद लपवू नकोस आणि तिला आपले नावही समजू नकोस. ते येणे आहे, ते हिशेबाने वसूल करायचे असते. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याच्या साडेसोळा लाखांच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमाती आहेत आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास आहे. हे येणे अजून बरेच बाकी आहे.

क्लासिक आणि अभिजात

‘क्लास’चे एक श्रीमंत नातेवाईक आहे, ‘क्लासिक’. लॅटिनमध्ये ‘क्लासिकस’ म्हणजे पहिल्या वर्गाचा करदाता. दुसऱ्या शतकातील औलस गेलियस या लेखकाच्या ग्रंथात उत्तम लेखकाला ‘क्लासिकस’ म्हटले आहे आणि त्याच्या उलट बाजूला ठेवला आहे ‘प्रोलेटारियस’. चांगले साहित्य श्रीमंतांच्या रांगेतले आणि वाईट साहित्य कंगालांच्या, ही मूळ उपमा. आज ‘क्लासिकल’ संगीत म्हणताना हे कोणाच्या मनात नसते, पण शब्दाच्या पोटात ते आहे.

याचे मराठी भाषांतर आणखी बोलके आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला ‘अभिजात’ भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांनाही तो मिळाला. आपल्यासाठी तो दुहेरी आनंदाचा दिवस होता : आपली मातृभाषा आणि आपल्या धम्माची भाषा एकाच पंक्तीत बसल्या. परंतु ‘अभिजात’चा मूळ अर्थ काय? चांगल्या कुळात जन्मलेला. रोमने उत्तमपणा संपत्तीवरून ठरवला, आपण तो जन्मावरून ठरवला. वास्तविक पाली ही लोकांना समजावी म्हणून वापरलेली भाषा आणि मराठी ही कष्टकऱ्यांच्या ओव्यांतून वाढलेली भाषा. कुळाचा शिक्का नसलेल्या दोन भाषांना ‘अभिजात’ म्हणावे लागले, यात शब्दाचाच पराभव आहे.

वर्ग आणि वग्ग

आता आपल्या ‘वर्ग’ या शब्दाकडे पाहू. त्याचा संसारही लहान नाही. ‘क’ वर्गात पाच व्यंजने असतात. गणितात संख्येला त्याच संख्येने गुणले की तिचा वर्ग होतो. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात ‘वर्ग’ होते. संस्कृत कोशकार ‘वर्ग’ हा शब्द ‘वृज्’ या धातूपासून साधतात. त्याचा अर्थ बाजूला करणे, वगळणे. ‘वर्ज्य’ आणि ‘वर्जन’ हे शब्द त्याच धातूचे. म्हणजे ‘क्लास’च्या मुळाशी हाक असावी आणि ‘वर्ग’च्या मुळाशी वगळणे आहे. दोन्ही क्रिया प्रत्येक वर्गात असतात : काहींना आत बोलावल्याशिवाय वर्ग होत नाही आणि काहींना बाहेर ठेवल्याशिवायही होत नाही.

पालीत याच ‘वर्ग’चा ‘वग्ग’ झाला. आपली मुले धम्मपद म्हणतात, त्यातील ४२३ गाथा २६ वग्गांत मांडलेल्या आहेत. विनयपिटकात महावग्ग आणि चुल्लवग्ग आहेत. सारनाथला भगवान बुद्धांनी ज्या पाच जणांना पहिला उपदेश केला, ते कोण्डञ्ञ, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजि हे ‘पंचवग्गीय’ भिक्खू म्हणून ओळखले जातात. पाच विद्यार्थ्यांचा तो पहिला वर्ग, झाडाखाली भरलेला. विनयात ‘छब्बग्गीय’ नावाचे सहा भिक्खूही भेटतात. त्यांच्या रोजच्या खोड्यांमुळे संघाला नवे नियम करावे लागत. शेवटच्या बाकावरच्या मुलांची परंपरा किती जुनी आहे, हे यावरून दिसते. पालीत दिसायला असाच आणखी एक ‘वग्ग’ आहे, त्याचा अर्थ फुटलेला, दुभंगलेला. त्याच्या विरुद्ध ‘समग्ग’, म्हणजे एकत्र असलेला. धम्मपदाच्या बुद्धवग्गात समग्र संघाची प्रशंसा आहे.

वर्ग लावणारा कोण, हा प्रश्न बुद्धांनी फार स्पष्टपणे विचारलेला आहे. अंगुत्तरनिकायात असे आले आहे की, पूरण कस्सप नावाच्या आचार्याने माणसांचे काळ्यापासून अतिशुभ्रापर्यंत सहा ‘अभिजाती’ पाडल्या होत्या. काळ्या अभिजातीत त्याने खाटीक, शिकारी, मासेमार, चोर आणि तुरुंगाचे रखवालदार यांना एकत्र टाकले होते. आनंदाने ही मांडणी सांगितली तेव्हा बुद्धांनी विचारले, याला साऱ्या जगाची संमती होती काय? नव्हती, असे आनंद म्हणाला. मग बुद्धांनी दृष्टांत दिला : एखाद्या दरिद्री माणसाच्या हातात त्याच्या मनाविरुद्ध मांसाचा तुकडा कोंबावा आणि म्हणावे, हे खा आणि वर याचे पैसेही दे, तसा हा प्रकार आहे. त्यानंतर त्यांनी आपली मांडणी सांगितली. तिचे सार असे की, काळोख्या घरात जन्मलेला माणूस काळे कृत्य करू शकतो, उजळ कृत्य करू शकतो आणि निर्वाणही गाठू शकतो. उजळ घरात जन्मलेल्याचेही तसेच.

हा दृष्टांत अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भारतातील अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तेव्हा त्यांनाही कोणी विचारले नव्हते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊन ते ‘विमुक्त’ झाले, तोपर्यंत कित्येक पिढ्यांनी तो मांसाचा तुकडा हातात धरून त्याची किंमत मोजली.

संघातही क्रम होता, पण तो कसा लागत असे? चुल्लवग्गात शाक्य कुमारांची कथा आहे. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी कुमार प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. कुमारांनीच विनंती केली की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा गर्व उतरेल. ज्याने आधी प्रवेश घेतला तो ज्येष्ठ, एवढाच तेथील नियम. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला.

तीन प्रश्न

या साऱ्या प्रवासातून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना तीन प्रश्न शिकवतो. कोणी तुम्हाला कोणत्याही क्लासमध्ये बसवले, तर विचारा : हा वर्ग कोणी पाडला? कशासाठी पाडला? आणि त्याचे दार आतून-बाहेरून उघडते का? रोमचा वर्ग धनिकांनी सत्तेसाठी पाडला. जात उच्चवर्णीयांनी दार बंद करण्यासाठी पाडली. संविधानातील मागास वर्ग बंद दार उघडण्यासाठी पाडलेला आहे. शाळेतील वर्ग दरवर्षी जूनमध्ये पुढे सरकतो; त्यात कायम राहायचे नसते. शब्द एकच असला तरी या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतात आणि त्या उत्तरांवरून आपण मान झुकवायची की ताठ ठेवायची, हे ठरते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी काही आज ‘क्लास वन’ आहेत, काही ‘क्लास फोर’. सरकारने त्यांना आता गट अ आणि गट ड म्हटले तरी बोलण्यात जुनेच शब्द आहेत. काही शेतात राबतात, काही सुरतेला कामाला आहेत. येथे तुम्ही एका पंगतीत जेवलात, एकाच सभागृहात वंदना म्हटली. तुमच्यात भिल्ल होते, पावरा होते, मावची होते, कोकणी होते, बौद्ध होते. तुम्हाला जोडणारा शब्द ‘वर्गमित्र’ आहे आणि त्यात वर्गाच्या पुढे मित्र आहे. गावी आलात की आपल्या वर्गमित्राच्या घरी जा. त्याच्या मुलांना कोणत्या वर्गात आहेस, एवढे विचारून थांबू नका. पुढच्या वर्गाची फी, पुस्तके, प्रवासभाडे याची सोय आहे का, तेही विचारा. ‘वर्गणी’ हाही याच कुळातील शब्द आहे आणि ही शाळा त्याच शब्दावर उभी राहिली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!